‘फ्रेंड’ उदंड, मैतर दुर्मीळ

२०२३ सालच्या ऑगस्टमधील पहिला रविवार आम्ही तळेघरला काढला. मंचर, घोडेगाव, डिंभे असा रस्ता चढत भीमाशंकरकडे निघाले की आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम डोंगराळ भागात हे गाव लागते. वस्ती बहुतांशी महादेव कोळी समाजाची; भिस्त भातावर आणि हिरड्यावर. पुण्याच्या आमच्या धर्मग्रामातील बत्तीस युवक-युवती दोन दिवसांच्या शिबिरासाठी आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या वर्षी पाऊस उशिरा लागल्याने ऑगस्ट उजाडला तरी काही खाचरांत भाताची लावणी चालूच होती. आम्ही उतरलो होतो तेथील पडवीतच सकाळी पवित्र मिस्सा झाली, चहा झाला आणि आमच्या मुलामुलींनी पिशव्यांतून रंगीबेरंगी पट्ट्या बाहेर काढल्या. त्या दिवशी ‘फ्रेंडशिप डे’ आहे, हे आम्हांला तेव्हा कळले.

आमच्यातील एका मुलीने बांधावर उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंच्या मनगटाला मोठ्या प्रेमाने अशी एक पट्टी बांधली. बाईंनी चिखलाचा हात लुगड्याला पुसला आणि विचारले, “हे काय गं बाय?”

“फ्रेंडशिप बँड, मावशी. आजपासून आपण फ्रेंड्स.”

“म्हंजी मैतरणी?”

“हो, मैत्रिणी.”

“बरं झालं. मग उंद्या आमच्या खाचरात लावणीला ये. दोन माणसं कमी पडत्यात. तुझं काय काम निघंल तवा मी यीन.”

मुलगी हसली. तिच्याबरोबरची मुले हसली. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. हसल्या नाहीत त्या फक्त त्या बाई, कारण त्या विनोद करीत नव्हत्या. त्यांच्यापुढे कोणी मैत्रीचा हात केला होता. तो त्यांनी धरला आणि मैत्रीच्या पोटी जे देणेघेणे येते ते सरळ बोलून दाखवले, इतकेच.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. ‘फ्रेंड’ म्हणणारी आमची मुलगी आणि ‘मैतरीण’ म्हणणाऱ्या त्या बाई एकाच गोष्टीविषयी बोलत होत्या काय? आमचे उत्तर आहे, नाही. आणि हे उत्तर आमच्या कॅथलिक कुटुंबांनी मनावर घ्यावे, यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करतो. इंग्रजी भाषेशी आमचे वैर नाही. आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान तिच्यातूनच शिकलो आणि तिचे ऋण मानतो. ‘टेबल’, ‘बस’, ‘स्टेशन’ या शब्दांना पर्याय शोधत बसण्याची हौस आम्हांला नाही. वस्तू बाहेरून आली तर तिचे नावही बाहेरून येणार, यात वावगे काय? परंतु मैत्री ही वस्तू नव्हे आणि ती बाहेरून आलेली नाही. ती आमच्या घरात होती, तिची नावे आमच्या घरात होती. ती नावे आम्ही आपल्या हातांनी माळ्यावर टाकली आणि वर अभिमानाने सांगतो की मुले आता ‘फ्रेंडली’ झाली आहेत!

आमच्या घरांतील बोलणे जरा कान देऊन ऐका. शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी ‘फ्रेंड’, एकाच बसने जाणारा मुलगा ‘फ्रेंड’, आयुष्यात एकदाच भेटलेला मनुष्य ‘फ्रेंड’ आणि आजारपणात रात्रभर उशाशी बसलेला तोही ‘फ्रेंड’. भेद दाखवायचा झाला तर मागे विशेषण जोडायचे: ‘क्लोज फ्रेंड’, ‘बेस्ट फ्रेंड’, ‘फॅमिली फ्रेंड’, ‘जस्ट फ्रेंड’. सगळी ओळखपाळख एका पोत्यात भरायची आणि त्या पोत्याला ‘फ्रेंड सर्कल’ म्हणायचे. एका अंत्यविधीच्या वेळी दिवंगताच्या मुलाने एका वृद्ध गृहस्थांची ओळख आम्हांला “हे पप्पांचे फ्रेंड” अशी करून दिली. पुढे कळले की चाळीस वर्षांपूर्वी या गृहस्थांनी स्वतःच्या पत्नीचे दागिने गहाण ठेवून त्या घरावरचे कर्ज फेडले होते. मुलाच्या मनात कृतघ्नता नव्हती. त्याच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही एकदा मुलांना मित्र या अर्थाचे मराठी शब्द लिहायला सांगितले. बहुतेकांच्या पाट्या दोन शब्दांवर थांबल्या: ‘मित्र’ आणि ‘दोस्त’. तोच प्रश्न आम्ही रोझरीला जमलेल्या आजीबाईंना विचारला, तेव्हा शब्दांची रीघ लागली: सोबती, सवंगडी, गडी, सांगाती, जोडीदार, स्नेही, सखा, जिवलग, लंगोटीयार, मैतर. एकीने ओव्यांतील ‘गडणी’ आठवली, दुसरीने ‘सई’. या शब्दांना केवळ अलंकार समजणे चूक होईल. प्रत्येकाची जागा वेगळी आणि प्रत्येकाचे देणे वेगळे. सोबती म्हणजे वाट चालताना बरोबर असणारा. वाट संपली की त्याचा-आपला निरोप झाला तरी कोणी कोणाला बोल लावत नाही. सवंगडी खेळातला, त्याच्याशी भांडण झाले तर ते संध्याकाळपर्यंत मिटले पाहिजे, असा दंडक. लंगोटीयार म्हणजे ज्याने आपल्याला धुळीत लोळताना पाहिले आहे आणि म्हणून ज्याच्यापुढे मोठेपणाचा आव आणता येत नाही. स्नेही तो, ज्याच्याकडे मुलीच्या लग्नाआधी सल्ला मागायला जावे. जिवलग एखादाच असतो. आणि ज्याला आज ‘फॅमिली फ्रेंड’ म्हणतात त्या नात्याला आमच्याकडे ‘घरोबा’ म्हणत. त्यात दोन माणसे नव्हे, दोन घरे एकमेकांना बांधलेली असत.

क्रियापदांकडेही पाहा. मैत्री करता येते, हे खरे. पण आमची भाषा बहुधा म्हणते की मैत्र जडते, स्नेह जुळतो, गट्टी जमते. या सर्वांना वेळ लागतो, हे भाषेने गृहीत धरले आहे. “माझ्याशी फ्रेंडशिप करशील का?” असा अर्ज करून, हो की नाही असे उत्तर घेऊन, पट्टी बांधून मोकळे होण्याची सोय तिने ठेवलेली नाही.

याही पलीकडे काही शब्द आहेत, जे शहरातील आजीबाईंनाही आता आठवत नाहीत. सावड म्हणजे आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. इर्जिक म्हणजे एखाद्याच्या नांगरणीला इतरांनी आपापली औते घेऊन जावे, मजुरी घेऊ नये आणि त्याने सर्वांना पोटभर जेवू घालावे. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात आणखी एक शब्द आहे, पडकई. डोंगरउतारावर दगडाचे बांध घालून, माती ओढून भाताची खाचरे तयार करायची, हे एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे काम. म्हणून काही कुटुंबांनी एकत्र यावे आणि पाळीपाळीने एकमेकांच्या जमिनीवर राबावे. डिंभे धरणाने ज्यांच्या जमिनी पाण्याखाली नेल्या अशा आदिवासी कुटुंबांना वरच्या उतारांवर पुन्हा भात पिकवता यावा म्हणून याच तालुक्यातील ‘शाश्वत’ या संस्थेने ही पडकई उचलून धरली. २०१२ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. जगाने ज्याला पारितोषिक दिले त्याच्या मुळाशी नवे यंत्र नव्हते. जुना शब्द होता आणि त्या शब्दाला जागणारी माणसे होती. तळेघरच्या त्या बाईंनी लावणीला बोलावले तेव्हा त्या याच परंपरेतून बोलत होत्या. त्यांच्या लेखी मैत्री ही हृदयाची भावना असेल-नसेल, पण पाठीचा कणा आणि हाताची ओंजळ तिच्यात नक्की आहे.

आता कोणी म्हणेल, इंग्रजी भाषाच उथळ, तिला दोष द्या. हेही आम्हांला मान्य नाही. शब्दांची कुळे पाहिली तर इंग्रजांच्या पूर्वजांनीही मैत्रीची नावे मोलानेच घडवली होती असे दिसते. ‘फ्रेंड’ हा शब्द प्रेम करणे या अर्थाच्या जुन्या धातूपासून आला आणि संस्कृतातील ‘प्रिय’ त्याच कुळातला. ‘कंपॅनियन’मध्ये लॅटिन ‘पानिस’, म्हणजे भाकरी, आहे. एका भाकरीचे वाटेकरी ते कंपॅनियन. ख्रिस्तप्रसादाच्या मेजाभोवती जमणाऱ्या आम्हांला याहून जवळचा शब्द कोणता? ‘मेट’चे मूळही एकत्र अन्न खाणाऱ्यांत आहे. ‘फेलो’ म्हणजे मुळात समाईक उद्योगात आपले धन घालणारा भागीदार. आणि ‘पाल’ हा शब्द तर इंग्रजांनी रोमानी भाषेतून, म्हणजे भारतातून गेलेल्या भटक्यांच्या बोलीतून घेतला. त्याचा अर्थ भाऊ, आणि तो आपल्या ‘भ्रातृ’चा सगोत्र. आमच्या ‘मित्र’ शब्दाच्या मुळाशीही वैदिक काळी करार, दिलेला शब्द, असा अर्थ होता असे अभ्यासक मानतात. म्हणजे पूर्वेला काय, पश्चिमेला काय, माणसाने मैत्रीला नाव दिले ते प्रेमावरून, भाकरीवरून, भागीवरून, भावावरून आणि वचनावरून. बसायला जागा रिकामी होती, एवढ्यावरून कोणी कोणाला मित्र म्हटले नाही.

मग आमच्या घरात आलेला ‘फ्रेंड’ एवढा हलका कसा? कारण तो इंग्रजी ग्रंथांतून आलेला नाही, बाजारातून आलेला आहे. मैत्रीला वर्षातला एक दिवस नेमून देण्याची कल्पना अमेरिकेत १९३० च्या सुमारास शुभेच्छापत्रांच्या व्यापाऱ्यांनी पुढे आणली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ साली ३० जुलै हा आंतरराष्ट्रीय मैत्री दिन म्हणून जाहीर केला. आमच्याकडे मात्र ऑगस्टचा पहिला रविवारच चालतो, कारण पट्ट्या त्याच दिवशी खपतात. त्यानंतर फेसबुक आले. तेथे एका माणसाला पाच हजारांपर्यंत ‘फ्रेंड्स’ ठेवता येतात. रॉबिन डनबर या ब्रिटिश अभ्यासकाने १९९० च्या दशकात मांडले होते की मनुष्याला साधारण दीडशे माणसांशीच खरेखुरे संबंध सांभाळता येतात. दीडशे आणि पाच हजार यांतील अंतर कशाने भरायचे? ते ‘फ्रेंड’ या शब्दाने भरले. आणि ज्याला जोडायला बोटाचा एक दाब पुरतो त्याला तोडायलाही तेवढाच पुरणार. ‘अनफ्रेंड’ हे क्रियापद २००९ साली न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडले, ते उगीच नव्हे.

आमच्यावर दोन आक्षेप येतील, ते आम्ही स्वतःच मांडतो.

पहिला आक्षेप असा: भाषा वाहती असते. ‘दोस्त’ हा शब्द फारसीतून आला, ‘मिस्सा’ लॅटिनमधून आला, तुम्हांला लोक ‘फादर’ म्हणतात. मग एका ‘फ्रेंड’चेच एवढे वावडे का? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘दोस्त’ याच शब्दात आहे. दोस्त परका आला, पण आमच्यात राहून घरचा झाला. मराठी माणूस ‘दोस्तीला जागला’ असे म्हणू लागला. ‘दोस्तीखातर’ तुरुंगात गेलेल्यांच्या गोष्टी गावोगाव सांगितल्या जाऊ लागल्या. परका शब्द ज्या दिवशी आमच्यावर काही जबाबदारी टाकतो त्या दिवशी तो आमचा होतो. ‘फ्रेंड’ला येथे येऊन किती पिढ्या लोटल्या? तरी “तो फ्रेंडशिपला जागला” असे कोणाच्या तोंडून आम्ही अजून ऐकलेले नाही. ऐकू येईल त्या दिवशी आम्ही हा लेख आनंदाने मागे घेऊ.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि त्यापुढे आम्हांला मान खाली घालावी लागते. तो एका मुलीने आमच्या तोंडावर केला. ती म्हणाली, “फादर, घरी मी त्याला ‘माझा मित्र’ म्हटलं असतं तर आईनं मला बाहेर पडू दिलं नसतं. ‘फ्रेंड’ म्हटलं म्हणून चाललं.” आम्ही निरुत्तर झालो. कारण ती खरे बोलत होती. मुलाने ‘मैत्रीण’ म्हटले की आमच्या भुवया उंचावतात. मुलीने ‘मित्र’ म्हटले की खिडक्या उघडतात. ज्या शब्दात पवित्र असे काही होते त्याच्यावर आम्हीच संशयाची राख टाकली. तरुणांनी मग दुसऱ्या दाराने वाट काढली, तर अपराध त्यांचा की दार लावणाऱ्यांचा?

आणि केवळ मुलामुलींचीच गोष्ट नाही. आमचे जुने शब्द गोड होते, पण ते कोणाकोणासाठी होते? घरोबा जातीतल्या घराशी, इर्जिक आपल्या आळीपुरती, पंगत आपल्या लोकांची. गावकुसाबाहेरच्या मुलाला सवंगडी म्हणून खेळायला घेणाऱ्याला घरी मार बसत असे. ख्रिस्तसभेत जातपात नाही, असे आम्ही वेदीवरून सांगतो. परंतु सोयरीक जुळवताना ती कोणत्या फटीतून आत येते, हे कोणत्याही धर्मगुरूला विचारा. डोंगरातल्या आश्रमशाळेतून शहराच्या महाविद्यालयात आलेल्या मुलाला त्याच्या वर्गातील मुलांनी ‘फ्रेंड’ म्हटले, आडनाव न विचारता म्हटले, तर त्या शब्दाने एक उपकार केला आहे, हे आम्ही नाकारणार नाही. जे काम आमच्या ‘मित्र’ शब्दाने करायला हवे होते ते एका उसन्या शब्दाने केले.

म्हणूनच आमचे भांडण मुलांशी नाही, वडीलधाऱ्यांशी आहे आणि त्यांत आम्ही स्वतःला धरतो. ‘फ्रेंड’ शब्दाला हाकलून देऊन काही साधणार नाही. आपले शब्द मोकळे करावे लागतील. पण मोकळे करणे म्हणजे हलके करणे नव्हे. दार सर्वांना उघडे असावे आणि आत आल्यावर चुलीला लाकूड घालण्याची पाळीही सर्वांना असावी. ‘फ्रेंड’ने पहिले केले, दुसरे टाळले. आमच्या पूर्वजांनी दुसरे केले, पहिले टाळले. ख्रिस्ती मनुष्याला दोन्ही करावे लागतात, कारण त्याच्या प्रभूने दोन्ही केली.

शुभवर्तमानाचा ग्रीक पाठ अभ्यासताना सेमिनरीत आम्हांला एक भेद शिकवला होता. ग्रीकमध्ये ‘हेताइरॉस’ आणि ‘फिलॉस’ असे दोन शब्द आहेत. पहिला म्हणजे बरोबरचा, संगतीतला. दुसरा म्हणजे प्रिय मित्र. मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘हेताइरॉस’ अशी हाक तीनदा येते: मजुरीवरून कुरकुरणाऱ्या मजुराला द्राक्षमळ्याचा मालक तशी हाक मारतो, लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या पाहुण्याला राजा तशी हाक मारतो आणि गेथसेमनी बागेत चुंबन घेऊन पकडून देणाऱ्या यहूदाला प्रभू तशी हाक मारतो. तिन्ही ठिकाणी माणूस जवळ आहे, पण मन जवळ नाही. आमच्या मराठीत हा भेद सहज दाखवता येतो. एकाला ‘गड्या’ म्हणावे, दुसऱ्याला ‘मित्रा’. ‘फ्रेंड’ हा एकच शब्द ज्याच्यापाशी आहे त्याने यहूदाला काय म्हणावे आणि योहानाला काय म्हणावे?

‘फिलॉस’ हा शब्द प्रभूने शिष्यांना कधी लावला? शेवटच्या भोजनाच्या रात्री. योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय घरी काढून वाचावा. ज्यांना आजवर सेवक म्हणता आले असते त्यांना प्रभू त्या रात्री मित्र म्हणतो आणि मित्रासाठी प्राण देण्यापरते प्रेम नाही, हे त्याच श्वासात सांगतो. दुसऱ्या दिवशी तो ते करून दाखवतो. ही झाली आमच्या धर्मातील मैत्रीची व्याख्या. त्याच शुभवर्तमानात स्वस्त मैत्रीचे चित्रही आहे. येशूला सोडलेस तर तू कैसराचा मित्र नव्हेस, अशी धमकी जमाव पिलाताला देतो आणि पिलात ‘कैसराचा मित्र’ राहणे पत्करतो. लूक तर नोंदवतो की एकमेकांचे वैरी असलेले हेरोद आणि पिलात त्या दिवशी मित्र झाले. निरपराध्याला सुळी देण्याच्या दिवशी जुळलेली ती मैत्री! आजच्या भाषेत त्याला ‘नेटवर्क’ म्हणतात. आमच्या कॅथलिक बायबलमधील सिराकच्या पुस्तकाचा सहावा अध्यायही या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. पंगतीला हजर आणि संकटात गैरहजर अशा मित्राची ओळख तेथे ख्रिस्तापूर्वी दोन शतके आधीच करून ठेवलेली आहे.

आमच्या ख्रिस्तसभेला मैत्रीचा हा अर्थ कधी परका नव्हता. संत इग्नेशियस लोयोला आणि त्यांचे पहिले सहकारी स्वतःला प्रभूमधील मित्र म्हणवत. त्यांच्यापैकीच संत फ्रान्सिस झेवियर. हा मनुष्य १५४६ साली पूर्वेकडील दूरच्या मोलुक्का बेटांवर असताना मित्रांच्या पत्रांतील त्यांच्या सह्या कापून घेऊन जवळ बाळगत असे. ज्यांना पुन्हा भेटण्याची आशा नव्हती अशा मोजक्या मित्रांची नावे! पाच हजारांची यादी आणि कापून घेतलेल्या त्या मूठभर सह्या यांतून आमच्या मुलांनी काय निवडावे, हे सांगण्याची गरज आहे काय?

भाषेच्या बाबतीतही आमचा वारसा लाजिरवाणा नाही. इंग्लंडातून आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून मराठी आत्मसात केली आणि १६१६ साली राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध केले. जर्मन येशूसंघीय हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली मासिक काढले तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘निरोप्या’. किती घरगुती शब्द! व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेचे दार उघडले आणि आमच्या वेदीवर मराठी आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ आमच्या हाती दिले आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. इंग्लंडच्या माणसाने आमचे शब्द वेचले आणि आम्ही मात्र ‘मैत्र’ विसरून ‘बेस्टी’ म्हणतो. दर्जा सरकार देईल, बोलणार कोण?

असो. केवळ टीका करून थांबणे धर्मगुरूला शोभत नाही. म्हणून आमच्या कुटुंबांकडे तीन मागण्या करतो.

पहिली, घरातील मुलामुलींनी ‘माझा मित्र’, ‘माझी मैत्रीण’ म्हटले की चेहरा वाकडा करू नका. त्या मित्राला घरी बोलवा, त्याला जेवू घाला. आडनाव विचारू नका.

दुसरी, मुलांसमोर आपल्या मित्रांची ओळख करून देताना पूर्ण ओळख द्या. “हे आमचे फ्रेंड” एवढ्यावर भागवू नका. “तुझ्या जन्माच्या वेळी यांनी रक्त दिले”, “आमची नोकरी गेली तेव्हा यांच्या घरून सहा महिने धान्य आले”, हे सांगा. शब्दांना वजन अशा गोष्टींनी येते, कोशांनी नव्हे.

तिसरी मागणी धर्मग्रामांकडे आणि आमच्या धर्मगुरुबांधवांकडे आहे. प्रवचनात “जीझस इज माय बेस्ट फ्रेंड” असे म्हणून टाळ्या घेण्याचे आता पुरे झाले. त्या वाक्यात क्रूस कुठे आहे? आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पट्ट्यांवर जो पैसा जातो तो त्या दिवशी नका खर्चू; त्या दिवशी दुसऱ्या कोणाचे तरी काम करून या. म्हाताऱ्याच्या घराचे गळके छप्पर असेल, एखाद्या विधवेची सरकारी कचेरीतील खेप असेल, कोणाची लावणी असेल.

तळेघरची गोष्ट अर्धी राहिली आहे. त्या रविवारी दुपारी आमची बस परतणार होती. ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने घरी फोन केला आणि आम्हांला येऊन म्हणाली, “फादर, मी राहते.” तिच्यासह सात जण राहिले, म्हणून आम्हीही राहिलो. सोमवारी दिवसभर ही मुले पोटऱ्यांपर्यंत चिखलात वाकून उभी होती. कामात त्यांचा फारसा उपयोग झाला नसावा. त्यांची रोपे वाकडी लागत आणि बाई मागून येऊन ती सरळ करीत. संध्याकाळच्या एसटीने आम्ही परतलो.

पुढे हिवाळ्यात नातीचे डोळे दाखवायला पुण्याला यायचे झाले, तेव्हा त्या बाई थेट त्या मुलीच्या घरी उतरल्या. येताना त्यांनी पायलीभर तांदूळ आणला होता. मुलीच्या आईने आधी कपाळाला आठ्या घातल्या, हे त्या आईनेच आम्हांला सांगितले. बाई तीन दिवस राहिल्या. त्यांतल्या दोन दिवशी आई तापाने पडून होती, तेव्हा त्या घरची चूल बाईंनी सांभाळली. “काम निघंल तवा यीन” हा शब्द त्यांनी पाळला. आता त्या घरात त्यांना मावशी म्हणतात आणि त्यांची नात सुटीत तेथे राहायला येते.

उरलेल्या पंचवीस जणांनी त्याच रविवारी रात्री शिबिराची छायाचित्रे एकमेकांना पाठवली. त्यांतल्या एकात मनगटाला पट्टी बांधलेल्या त्या बाई आहेत आणि खाली लिहिले आहे, ‘न्यू फ्रेंड्स ॲट तळेघर’. बाईंचे नाव काय, हे त्या पंचवीस जणांपैकी एकालाही सांगता आले नाही. आम्ही विचारून पाहिले आहे.